बर्फावरचा शेवटचा दगड

फेब्रुवारी उजाडला की आमच्या गल्लीतली केबल कापतात. लातुरात बारावीचा अभ्यास एकट्या पोराचा नसतो, सगळ्या गल्लीचा असतो. पोरांनी वाचायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. ज्यांनी खोल्या भाड्यानं दिल्यात त्यांच्या दारावर ‘मुलींसाठी रूम मिळेल’ या पाटीखाली दुसरी पाटी असते, ‘घरात टीव्ही चालत नाही.’ माझ्याही दारावर आहे. माझ्याकडं अकरा मुली राहतात, जेवतात. पाटी काढली तर पुढच्या जूनला कोण येणार? म्हणून गल्लीच्या बैठकीत आप्पासाहेबांनी “परीक्षा संपेस्तोवर केबल बंद, कुणाचा विरोध?” असं विचारलं, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही मान हलवली. आप्पासाहेब म्हणजे गल्लीच्या तोंडाशी तीन मजली क्लास चालवणारे फिजिक्सचे सर. त्यांच्यापुढं मान आपोआपच हलते.

पण त्या वर्षी फेब्रुवारीतच हिवाळी ऑलिंपिक होतं.

आता हे दुःख सांगायचं कुणाला? क्रिकेटसाठी कुणी हळहळलं तर लोकांना समजतं. मेस चालवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईनं बर्फातल्या खेळासाठी हळहळायचं म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय असंच वाटायचं. आमचे वीरण्णा पाहुण्यांना सांगतात, “आमच्या हिला बर्फाचे खेळ लागतेत. फ्रीजचं पाणी मात्र पीत न्हाई, दात ठणकतेत.” पाहुणे हसतात. मीही हसते आणि चहा टाकायला जाते.

हे वेड भूकंपानंतर लागलं. सगळं लातूर घराबाहेर झोपत होतं तेव्हा आम्ही आणि शेजारच्या जन्नतबीनं मिळून पत्र्याचं एक शेड टाकलं होतं. घरं तपासून झाली तरी आत जायला धीर होत नव्हता, म्हणून उन्हं तापेस्तोवर आम्ही तिथंच राहिलो. तिचा छोटा टीव्हीही तिथंच होता. एके दिवशी त्यावर माणसं डोंगरावरून बर्फात घसरताना दिसली. जमीन हलली, जमीन हलणार, याशिवाय गावात दुसरं बोलणं नव्हतं, आणि ही माणसं हौसेनं घसरून राहिली होती! पडली तर उठून कपडे झटकत होती. जन्नतबीची भाकरी तव्यावर करपली. “क्या लोगां हैं बाई,” एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरच्या ऑलिंपिकात आम्हाला कर्लिंग सापडलं. गुळगुळीत बर्फावरून मूठ लावलेला एक जड, गोल दगड सरकवायचा. दुसऱ्या टोकाला बर्फावर वर्तुळं काढलेली असतात. ज्यांचा दगड मध्याच्या जास्त जवळ, त्यांना गुण. दगड निघाला की दोघीजणी त्याच्यापुढं ब्रश घेऊन पळत पळत बर्फ घासतात, म्हणजे तो लांब जातो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. इंग्रजी बोलणं डोक्यावरून जायचं. मग दुपारी साबणाच्या फरशीवर स्टीलच्या वाट्या सरकवून आम्ही एकेक नियम शोधून काढला. वीरण्णा म्हणाले, “फरशी तरी धुऊन झाली.”

त्यात निळ्या जॅकेटवाली एक कप्तान होती. चष्मा, कमरेला बऱ्यापैकी जाड, वय माझ्याहून थोडंच कमी. ती घसा फोडून ओरडायची आणि बाकीच्या तिघी ऐकायच्या. हळू बोल म्हणून तिला कुणी सांगत नव्हतं. मागच्या खेपेला ती अगदी थोडक्यात हरली. यंदा तिचा संघ फायनलला पोचलाय हे पेपरच्या कोपऱ्यात दोन ओळींत वाचलं आणि जेवण जाईना. चार वर्षं वाट बघितली होती मी.

फायनलच्या दिवशी सकाळीच जन्नतबी मागच्या दारानं आली. ती ब्लाउज शिवते, त्यामुळं तिला घराघरातलं कळतं.

“वैनी, आप्पासाहेबाच्या घरात वायर हाय.”

“कसली वायर?”

“केबलची. विशाखा मॅडमचं माप घ्यायला गेल्ते. आतल्या खोलीत टीव्ही, खिडकीला चादर. सर आवाज बंद करून मॅच बघतेत म्हणं.”

“आन् आपल्याला माना हलवाय लावल्या!”

“आता रडू नक्को. खेळ कवा हाय?”

“रातीचा खेळ आज अकराला दाखवणारेत.”

“मग ब्लाउज आजच नेऊ. बाही जरा घट्टच ठेवलीय मी. उसवाय लई येळ लागंल.”

विशाखा ही आप्पासाहेबांची बायको. आम्हा दोघींना दारात बघून तिला काय ते कळलं. बाही घालूनसुद्धा बघितली नाही. “काकू, बघा तुम्ही, पण आवाज अजिबात नको. खाली बॅच चालू आहे,” म्हणाली आणि स्वतःही येऊन बसली. आम्ही तिघी चादरीच्या अंधारात मुक्यानं बघत होतो. खालून माइकवर आप्पासाहेब घर्षण शिकवत होते.

शेवटपर्यंत गुण बरोबरीत. लाल संघाचा दगड मध्याजवळ बसलेला, आणि शेवटचा दगड आमच्या बाईच्या हातात. तिनं चष्मा सारखा केला, खाली वाकली, दगड सोडला. मी पदर तोंडात कोंबला. दगड निघाला खरा, पण जरा हळूच निघाला.

“झाड!” जन्नतबी उभीच राहिली. “अगं झाड की! हात मोडले का गं तुझे!”

खालचा माइक थांबला. जिना वाजला. आप्पासाहेब हातात खडू घेऊन आत आले आणि त्यांनी आधी प्लगच उपटला. दगड वर्तुळात शिरायचा होता.

“सर, एक मिनिट! तेवढा थांबू द्या त्याला.”

“कुणाला?”

“दगडाला.”

गणित चुकलेल्या मुलीकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. “काकू, तुम्ही? टीव्ही न लावायचं आपलं ठरलं होतं ना?”

“ठरवलं कुणी होतं, सर?”

ते काही बोलणार, तर जिन्यात पोरं जमलेली. फिजिक्सचा माणूस, डोकं पटकन चालतं. गॅलरीत जाऊन त्यांनी वायर हातात घेतली आणि पक्कड मागवली. “विद्यार्थ्यांनो, घरच्यांच्या आग्रहामुळं ही एक वायर राहून गेली होती. नियम सगळ्यांना सारखा!” कट्. खाली टाळ्या पडल्या.

“घरचे म्हणजे मी,” विशाखा माझ्या कानाशी म्हणाली. “आवाज बंद करून क्रिकेट मीच बघते वाटतं.”

गल्लीतला शेवटचा टीव्ही असा आमच्यासमोर गेला.

घरी येताना जन्नतबी म्हणाली, “थांबला आसंल. बराबर मधी.”

“न्हाई पोचला. जोर कमी पडला होता.”

“आपल्याच माणसाबद्दल लई वंगाळ बोलतीस तू!” आणि ती फणकाऱ्यानं आत निघून गेली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मीही नाही. दुधाला गेले, दळण आणलं, आणि सगळीकडं तो दगड माझ्यापुढं सरकत होता. राग कुणाचा यावा तेच कळत नव्हतं. सरांचा, जन्नतबीचा, का मान हलवणाऱ्या माझा.

दिवेलागणीला ती आली तशीच मला हाताला धरून एसटीडी बूथवर घेऊन गेली. तिची लेक नाझनीन नांदेडला असते. तिनं पेपर बघून सांगितलं, “उद्या दुपारी परत दाखवणारेत, खाला. पण आमच्याकडं दुपारची लाईट जाते. कधी जाते, कधी जायची राहते. भरोसा नाही.”

रात्री मुली जेवायला बसल्या तेव्हा मी सांगितलं, “उद्या दुपारचं सकाळीच करून ठेवणार. मी नांदेडला चाललेय.”

“कुणी आजारी आहे का, काकू?” भार्गवीनं विचारलं. बारावीची, सगळ्यात हुशार पोरगी.

कंधारची एक चुलत नणंद आजारी पाडायला माझ्या जिभेवर तयार होती. पण दिवसभर पदर तोंडात कोंबून कंटाळा आला होता.

“न्हाई. बर्फावर एक दगड सोडलाय, तो मधी थांबला का न्हाई ते बघायचंय.”

घास हातात तसेच राहिले. वीरण्णांनी भिंतीकडं बघितलं.

“आणि तिथं लाईट नसली तर?” भार्गवी म्हणाली.

“तर येईपर्यंत बसंन. खिचडी करून ठेवणारेय. कुणाला नको आसंल तर आत्ताच सांगा.”

मी तांदूळ निवडायला घेतले.