सार्जंट आला असता तर

“ह्यो नारळ खेळातलो नाय रे,” असं म्हणून लवू घाडीने पुढे केलेला हात मागे घेतला, आणि मांडवात हशा पिकला.

“घाबरला! लवूदादा घाबरला!” मागून कोणीतरी ओरडलं.

बायकांच्या सतरंजीवर बसलेली वनमाला हसली नाही. नवऱ्याचा आवाज तिला ओळखता येत होता, आणि हा थट्टेचा आवाज नव्हता. 

अंधेरीला गुंदवलीतल्या वाडीचा गणपती म्हणजे कार्यक्रमांची नुसती रेलचेल, आणि त्यात लोक वाट बघत ती अभिरूप न्यायालयाची. मागल्या वर्षी ‘सासू विरुद्ध सून’ हा खटला झाला होता. सासू सुटली आणि सुनेने घरी जाऊन उट्टं काढलं, असं म्हणतात. यंदा, म्हणजे चोपन्न साली, विद्याधर वकिलाने नवीनच टूम काढली. वकिली त्याची ताजी होती, अशिलं अजून यायची होती, तेव्हा हौस मांडवात भागवायची. फलकावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘लवू घाडी विरुद्ध सार्जंट ब्रॅडली. सार्जंट त्या दिवशी आला असता, तर कोण जिंकलं असतं?’

हा प्रश्न वाडीत जुनाच होता. न्हाव्याकडे, नळावर, पानाच्या गादीवर, जिथे दोन माणसं रिकामी बसली तिथे तो निघायचाच.

लवू मरोळच्या रस्त्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला होता. कोकणातून आला तेव्हाचा त्याचा देह बघून कारखान्यातल्या गोऱ्या इंजिनेराने त्याला बॉक्सिंगला घातलं. आपल्याकडे हेवीवेटची माणसं मिळणार किती? दहा गावं हिंडावीत तेव्हा एक सापडायचा. लवू सापडला. चार-दोन लढती त्याने चांगल्या मारल्या, आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी फोर्टातल्या एका मोठ्या स्पर्धेत तो थेट शेवटच्या लढतीपर्यंत गेला. समोर होता आगबोटीने आलेल्या पलटणीतला गोरा, सार्जंट ब्रॅडली. त्या दिवशी पहाटेच त्याची बोट सुटली. सार्जंट आलाच नाही. न लढताच लवूला पुढे चाल मिळाली, आणि मनगटाएवढ्या जाड कानांचा कप घेऊन तो अंधेरीला आला.

तेव्हापासून कोणी विचारलं की लवूचं उत्तर ठरलेलं: “पहिल्याच राउंडला लोळवला असता.” लोक मान डोलवायचे. वनमालाही डोलवायची, तिला तर त्यात शंकाच नव्हती. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती तो कप चिंचेने घासायची, कारण चांदीचा मुलामा कधीच उडाला होता आणि आत पितळ निघालं होतं. मग मंडळाची पोरं येऊन तो वाजतगाजत नेत आणि गणपतीच्या उजव्या हाताला ठेवत. वाडीत डॉक्टर होते, मास्तर होते, एक तर मामलेदार होऊन निवृत्त झालेले होते. पण गणपतीशेजारी मान एकाच घराचा होता. वनमाला त्या दहा दिवसांत मान ताठ ठेवून पाणी भरायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते शोभायचंही.

आज मात्र कप देवाजवळून उचलून टेबलावर आला होता, पुरावा म्हणून. लवूची बाजू विद्याधरकडे होती; विरुद्ध बाजूला, सार्जंटचा वकील म्हणून, उभा होता नंदकिशोर. इन्शुरन्स कंपनीत कारकून, नाटकाचा नाद आणि जिभेला हाड नाही.

“न्यायमूर्ती महाराज,” तो म्हणाला होता, “लढत न होता मिळालेला कप म्हणजे लग्न न लागता केलेलं बारसं! हा कप लवूदादांचा नाहीच. हा त्या बोटीच्या कप्तानाचा. त्याने भोंगा वाजवला नसता तर? माझी मागणी आहे, हा कप देवाशेजारून कायमचा हलवावा.”

लोक खदखदून हसले. वनमालेच्या शेजारची कुंदाही पदर तोंडाला लावून हसली आणि मग हिच्याकडे बघून गप्प झाली. वनमालेला वाटलं, उठावं आणि कप पदराखाली घालून घरी न्यावा. थट्टेतला निकालसुद्धा वाडीत चिकटून बसतो. उद्यापासून न्हाव्याकडे काय बोललं जाईल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

न्यायमूर्तींच्या खुर्चीत भाऊ दिघे होते, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, अंगात जावयाचा काळा कोट. साक्षीदाराला शपथ हवी, म्हणून त्यांनीच गणपतीपुढचा कुंकू लावलेला नारळ उचलून टेबलावर ठेवला होता. सहज. भाऊ पडले पुण्याकडचे. नारळ म्हणजे त्यांच्या लेखी एक नारळ.

लवूच्या गावात मात्र देवापुढच्या नारळावर हात ठेवून बोललेलं शेवटचं असे. बांधाचे तंटे त्यावर मिटत, सख्खा भाऊ भावावरचा दावा त्यावर सोडून देई. खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, ते कोणी सांगत नसे, कारण कोणी बोलायला धजतच नसे.

“भाऊ, दुसरं काहीतरी द्या की,” लवू म्हणाला. “ते पंचांग द्या.”

“अहो दादा, कार्यक्रम आहे हा,” विद्याधर हळूच म्हणाला. “ठेवा हात. ठरलेलं उत्तर द्यायचं, झालं.”

लवूने एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा बायकांच्या बाजूला. मग बर्फाने भेगाळलेला तो भला मोठा हात नारळावर टेकला. नारळ त्याखाली दिसेनासा झाला.

“सांगा कोर्टाला,” विद्याधरने आवाज चढवला. “सार्जंट ब्रॅडली आला असता, तर काय झालं असतं?”

“हरलो असतो,” लवू म्हणाला.

  वनमालेला वाटलं आपण ऐकलं ते चूक.

“त्याची आदली लढत मी बघितली होती,” लवू खाली बघत सांगत होता. “समोरच्याचा जबडा मोडला त्याने. उचलून न्यावा लागला. माझ्यापेक्षा हात लांब, पायाने चपळ. मी हरलो असतो. इतकी वर्षं मी खोटं बोललो.”

“कोर्टाने नोंद घ्यावी!” नंदकिशोर टाळी वाजवून पुढे आला. “खुद्द वादीच कबूल करतोय! मग मला सांगा लवूदादा, हरणार हे ठाऊक होतं, तर गेलात कशाला?”

लवूने नवलाने त्याच्याकडे पाहिलं, जणू याला एवढंही कळू नये.

“नाव दिलं होतं ना,” तो म्हणाला.

 तेवढ्यात मांडवाच्या खांबाजवळून भालदार बोलला. भालदार म्हणजे गुणाजी, लवूचा कारखान्यातला जोडीदार. आवाज भोंग्यासारखा, म्हणून त्याला पुकारा करायचं काम दिलेलं. कागदी पगडी सावरत तो मध्येच म्हणाला, “भाऊ, मी बोललो तर चालेल? त्या दिवशी बादली-टॉवेल घेऊन मीच होतो याच्याबरोबर.”

“बोल.”

“मी याला म्हटलं, पोटात दुखतंय सांग नि चल घरी. बोट सुटली ते आम्हांला कुठे ठाऊक? तर यानं जेवणाचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाला, ‘डबो तूच खा. माका आज चावूक जमाचा नाय.’ आणि गेला की दोऱ्यांच्या आत! तिकडे रिवाज असा, की समोरचा आला नाही तरी तयारीनिशी आत जाऊन उभं राहायचं, मग घंटा व्हायची. घंटा होईस्तोवर हा दाराकडे बघत उभा. पाय लटलट कापत होते. मी बघितले ना! पण हात खाली नाही घेतले.”

आणि तेव्हा वनमालेला पेज आठवली.

त्या दिवशी सकाळी घरातून निघताना लवू म्हणाला होता, “सांजेक पेज कर गो.” भाकरीवाचून न जेवणारा माणूस आज पेज का मागतो, याचं तिला नवल वाटलं होतं. बॉक्सिंगवाल्यांचं काही पथ्य असेल असं समजून तिने ती केली होती. रात्री कप मध्ये ठेवून त्याने ती पेज मुकाट्याने प्यायली, आणि आनंदात असलेल्या तिने काही विचारलंही नाही. दात पडणार, जबडा मोडणार, हे धरून हा माणूस उंबरठा ओलांडून गेला होता. आणि ती एवढी वर्षं मिरवत होती ते भलत्याच गोष्टीसाठी.

ती उभी राहिली. कार्यक्रमात बायकांनी मधे बोलायची पद्धत नव्हती. गेली पद्धत खड्ड्यात.

“भाऊ,” ती म्हणाली, “सकाळी जाताना यांनी मला पेज करायला सांगितली होती. कशासाठी, ते मला आज कळलं.”

कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्यांदा कळलं ते म्हाताऱ्या बायकांना, मग सगळ्यांना. भाऊंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, परत लावला. निकालाचा कागद त्यांनी आधीच लिहून आणला होता, बराच विनोदी. तो त्यांनी घडी करून खिशात टाकला.

“प्रतिवादीला पुकारा,” ते म्हणाले. “रीतसर. तीनदा.”

गुणाजीने छाती भरून घेतली. “सार्जंट ब्रॅडली, हाजिर हो!”

कोणीतरी हसलं, पण ते एकटंच पडलं. लवूने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. डावा पाय पुढे टाकला, मुठी वळल्या आणि हनुवटीशी आणल्या. लाद्या ओढून ओढून उजवा खांदा कामातून गेला होता. ती मूठ छातीपाशीच राहिली. धोतर आणि सदऱ्यातला तो म्हातारा होत चाललेला माणूस मांडवाच्या दाराकडे बघत उभा राहिला.

“सार्जंट ब्रॅडली, हाजिर हो!”

आता सगळा मांडव दाराकडे बघत होता. क्षणभर वनमालेला खरोखरच भीती वाटली, येतो की काय मेला! पण लवूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिची भीती गेली. आला तर येऊ दे, असं तिला वाटलं. अभिमानाने तिचा ऊर भरून आला, आणि तिने डोळ्यांतलं पाणी लपवलं नाही.

“सार्जंट ब्रॅडली, हाजिर हो!”

दारात वाऱ्याने पताका हलली, बस. भाऊ खुर्चीतून उतरून आले. त्यांनी लवूचा उजवा हात धरला आणि वर उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. भाऊंनी जोर केला नाही; तेवढ्यावरच धरून ठेवला. टाळ्यांनी मांडव दणाणला. नंदकिशोरने स्वतः टेबलावरचा कप दोन्ही हातांनी उचलला, आणि देवाजवळ ठेवण्याआधी धोतराच्या सोग्याने पुसला.

आरती झाल्यावर दोघं घराकडे निघाली.  विहिरीपाशी आल्यावर लवूने हळूच विचारलं, “रागावलंस काय गो?”

 घरी आल्यावर वनमालेने भाकऱ्या भाजल्या, पाट मांडला, ताट वाढलं आणि ती समोर बसली.

“भाकरी आज मुद्दाम कडक भाजलीय,” ती म्हणाली. “चावून खा.”