अडचणींचा रकाना

अनुदानाचा अर्ज म्हणजे गावाच्या इभ्रतीची परीक्षा असते. असं सोनीबाईचं ठाम मत होतं. अर्ज ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यातल्या बचत गटाची ती अध्यक्ष. गटाला भाताची गिरणी हवी होती. डोक्यावर भात घेऊन तलासरीपर्यंत सहा किलोमीटर चालणं संपावं, एवढंच. पैसे मुंबईची एक संस्था देणार होती. भाची प्राजक्ता अर्ज कसा लिहावा याचं दोन दिवसांचं शिबिर डहाणूला करून आली होती. टाळायच्या चुकांची यादी तिच्या वहीत होती.

"आत्या, अडचणी मोघम लिहायच्या नाहीत. मी लिहिलंय बघ: रस्ता कच्चा, उन्हाळ्यात बोअर आटते, वीज सिंगल फेज..."

"खोड."

"काय खोडू?"

"सगळं. परक्यापुढं घरची गाऱ्हाणी? उद्या आपल्या पाड्यात मुलगी कोण देईल?"

"रकाना रिकामा राहिला तर अर्ज बाद होतो. यादीतली पहिलीच चूक आहे ती."

"मग लिही, अडचण नाही."

प्राजक्ताने लिहिलं. पुढचं सोनीबाईने सांगितलं. नऊ वर्षांत शनिवारची एक बैठक चुकलेली नाही. नागलीचं जुनं बियाणं पाच जातींचं, घराघरात जपलेलं. भिकी भांडून गटातून गेली होती, ती परत आली.

"हेही लिहू?"

"लिही की! आपल्या पायांनी आली, बोलवायला कोणी गेलं नव्हतं."

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. आलेल्या अर्जांत न रडणारा हा एकच, असं त्यात होतं. सोनीबाईने ते तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा भिकीला बोलावून.

गिरणीचा टेम्पो हायवे सोडून वर निघाला आणि शेवटच्या चढावर रुतला. बायांनी ढकलला.

"रस्ता चांगलाच आहे," सोनीबाई ड्रायव्हरला म्हणाली, "तुझा टेम्पो नाजूक."

गिरणीला हार घातला, नारळ फुटला. बसवायला आलेल्या नितीनने भिंतीवरचा मीटर पाहिला, मग बाहेरचा खांब.

"मावशी, थ्री फेज लाईन कुठंय?"

सोनीबाईने प्राजक्ताकडे पाहिलं. प्राजक्ता वहीत पाहत होती.

"अडचण नाही," सोनीबाई मान ताठ ठेवून म्हणाली.

गिरणी थ्री फेजवरच चालते. भात अजून तलासरीला जातो, डोक्यावरून.