एस्तेरीचा गुरुवार

मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. दात घासायचा नव्हे आणि केस विंचरायचाही नव्हे. लाल पॉलिशची फरशी घासून तिच्यात तोंड दिसेल इतकी चमकवणारा, लाकडी पाठीचा, बिनदांड्याचा ब्रश. मला धरायचं तर माणसाला गुडघ्यांवर यावंच लागतं. उभ्या उभ्या फरशी चमकवणारे ब्रश हल्ली दुकानात मिळतात म्हणे. मिळोत बापडे.

माझा जन्म इथलाच, मुतारे शहरातल्या एका लहानशा कारखान्यातला. तिथे अंध कारागीर बसत. त्यांतल्या एकानं माझ्या पाठीतली भोकं बोटांनी चाचपली, घोड्याच्या केसांचे झुबके ओवले आणि मला गालावरून फिरवून पाहिलं. त्याचं समाधान झालं, मग मी दुकानात गेलो.

टेकडीवरच्या बंगल्यातल्या गोऱ्या मॅडमनं मला विकत घेतलं, पण हातात मात्र कधी घेतलं नाही. हातात घेतलं ते त्यांच्या कामवालीनं. तिच्या मुलाचं नाव फारीराय, म्हणून सगळे तिला माय फारीराय म्हणत. मी नुसतं मायच म्हणतो. तरुणपणापासून केस पिकेपर्यंत तिनं मला त्या व्हरांड्यात पुढेमागे ढकललं. पाहुणे यायचे, फरशीकडे बघून 'वा!' म्हणायचे, आणि मॅडम लाजून 'थँक्यू' म्हणायच्या. माय आत कपबश्या विसळत असायची.

पण गुरुवार आला की माझा ऊर भरून यायचा. गुरुवारची दुपार टेकडीवरच्या साऱ्या कामवाल्यांच्या सुटीची. म्हणून तर आमच्याकडे चर्चच्या बायकांची सभा गुरुवारीच भरते. माय मला पायरीवर आपटायची, खिळ्याला अडकवायची, सभेचा लाल ब्लाऊज, काळा स्कर्ट आणि पांढरी टोपी घालून ताठ मानेनं फाटकाबाहेर पडायची. त्या दुपारी तिला 'ए मुली' अशी हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

काम सोडलं त्या दिवशी मॅडमनं तिला एक स्वेटर दिला आणि आणखी काही हवं का, म्हणून विचारलं. माय म्हणाली, "तो ब्रश द्या. दुसरीच्या हातात तो मला बघवणार नाही." असा मी साकुब्वा वस्तीतल्या तिच्या स्वतःच्या घरी आलो. स्वतःच्या फरशीवर तिनं मला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा ती गात होती. माझ्या आयुष्यातले तेच सगळ्यांत सुखाचे दिवस.

मग मायचे गुडघे गेले. खाली बसली की उठताना भिंत धरायची, आणि दात आवळून उठायची. तोवर घरात सून आली होती. शुवाई तिचं नाव. सरकारी दवाखान्यात नर्स, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. फारीराय ट्रक घेऊन बंदरापर्यंत जायचा, परत आला की जेवायचा आणि घोरायचा. मी खिळ्यावर टांगलेलाच. कोळ्यानं माझ्या केसांत जाळं विणलं तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.

"माय, आपण एक बाई ठेवू या," शुवाई एकदा म्हणाली. "आठवड्यातून एकदा फरशी करून जाईल."

मायनं हातातला मक्याच्या पिठाच्या साद्झाचा घास खाली ठेवला. "जन्मभर मी दुसऱ्यांची घाण काढली. माझ्या घरात मी कुणाच्या लेकीला गुडघ्यांवर बसवणार नाही. आपलं घर आपण पुसायचं."

"आपण म्हणजे कोण, माय? तुमचे गुडघे चालत नाहीत. तुमचा मुलगा तर नुसते पाय वर करतो, मी खालून पुसून घ्यावं म्हणून. 'आपण' म्हणजे मी एकटीच ना?"

"सून आहेस तू या घरची."

"सून आहे. मशीन नाही."

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिनं मला खिळ्यावरून काढलं, कण्हत कण्हत खाली बसली, आणि शुवाई कामावरून येईपर्यंत तिथेच बसून राहिली. तिला उठताच येत नव्हतं. शुवाईनं तिला काखेत हात घालून उचललं तेव्हा दोघीही रडत होत्या. तरी मायचा हट्ट सुटला नाही.

तेव्हा शुवाईनं चोरून बाई ठेवली. तिचं नाव एस्तेरी. नवरा जोहान्सबर्गला गेला तो गेलाच, ना निरोप ना पैसा. पदरात तीन पोरं. आमच्या घरच्या कामावर तिची चूल पेटायची. माय घरात नसते ती वेळ एकच, गुरुवारची दुपार. म्हणून एस्तेरी गुरुवारी येऊ लागली, तीही मागच्या दारानं.

"मायला कळलं तर तुझं काम गेलंच समज, आणि माझीही धडगत नाही," शुवाई तिला दर खेपेला बजावायची.

"मी कुणाला कशाला सांगू?" एस्तेरी म्हणायची. पण बाहेर कुठे पाऊल वाजलं की तिचा हात माझ्यावर थिजायचा. माझ्या पाठीला तिच्या तळव्याचा घाम लागायचा. चांगली ताकदीची बाई होती. पॉलिश लावताना एक भजन गुणगुणायची, आणि ते भजन मला तोंडपाठ होतं. हिच्याही घरी लाल ब्लाऊज आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण ब्रश सांगणार कुणाला?

संध्याकाळी माय यायची, चमकती फरशी बघायची आणि म्हणायची, "शुवाई, पोरी, हात फिरला हो तुझा!" शुवाई कसंबसं हसायची. मग जेवताना मायचं सुरू व्हायचं. "आमची एस्तेरी सभेला येईना झाली गं. आजारी असेल. एकटी बाई, कोण बघणार तिला?" आणि शुवाई आमटी वाढायच्या निमित्तानं उठून जायची. दर आठवड्याला हेच. माझा जीव टांगणीला लागलेला.

शेवटी व्हायचं तेच झालं. आमच्याकडे सभेतली बाई बरेच दिवस दिसली नाही, की बाकीच्या बायका गात गात तिच्या घरी जातात, तिच्यासाठी प्रार्थना करतात. त्या गुरुवारी एस्तेरी अर्ध्या फरशीवर होती. लांबून गाणं ऐकू आलं. तिचा हात थांबला.

"या बाया कुठे निघाल्या?" शुवाईनं खिडकीतून पाहिलं.

एस्तेरी म्हणाली, "माझ्या घराकडे."

गाणं वस्तीच्या त्या टोकाला गेलं आणि मध्येच तुटलं. पुढे काही ऐकूच येईना. एस्तेरीच्या शेजारणीनं तिथे सगळ्यांसमोर काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. "एस्तेरी? ती दर गुरुवारी कामाला जाते की. माय फारीराय, तुमच्याच तर घरी! तुम्हाला ठाऊक नाही?"

मग पावलं ऐकू आली. पुष्कळ पावलं, आणि गाणं नाही.

"मागच्या दारानं जा! लवकर!" शुवाई कुजबुजली. पण मागच्या दारापर्यंतची सगळी फरशी ओल्या पॉलिशची होती. पाऊल टाकलं तर ठसा उमटणार. एस्तेरी गुडघ्यांवर तशीच राहिली, मला छातीशी धरून.

दार उघडलं. दारात माय, आणि तिच्यामागे लाल ब्लाऊजांची रांग. शुवाईनं गुडघे टेकून, टाळ्या वाजवून सगळ्यांचं स्वागत केलं. रीत म्हणजे रीत.

मायनं एस्तेरीकडे पाहिलं.

"मला काढू नका, माय," एस्तेरी म्हणाली. "शुवाईला बोलू नका. मीच गरजू आहे. गुरुवार काय, हवा तर रविवारही घ्या. पण काम राहू द्या."

'गुरुवार' या शब्दानं मायचा चेहरा एकदम पडला. ती वळली ती सुनेकडे नव्हे, मागच्या बायकांकडे. "ऐकलंत? त्या टेकडीवरच्या बाईनं माझे गुडघे घेतले. उमेदीची वर्षं घेतली. पण माझा गुरुवार तिनं कधी घेतला नाही. आणि हिचा गुरुवार घेतला तो माझ्या घरानं. माझ्या घरानं!"

मायनं हातातली काठी भिंतीला टेकवली, एस्तेरीच्या हातातून मला घेतलं आणि खाली बसायला लागली. गुडघे वाकेनात. ती अर्धवट वाकलेली, मी तिच्या मुठीत, आणि मला तिचा जुना भार आठवत होता. एस्तेरीनं तिचा दंड धरला. "राहू द्या, माय. तुमचं करून झालंय."

तेवढ्यात आत झोपलेला फारीराय बनियनवर, डोळे चोळत बाहेर आला. "जेवायला काय आहे?" म्हणाला, आणि मग त्याला दारातल्या बायका दिसल्या.

मायनं मला त्याच्या हातात ठेवलं. "बस खाली."

"मी?"

"आपलं घर आपण पुसायचं, असं मी म्हणत आले. त्या 'आपण'मध्ये तूही होतास. मला सांगायचं सुचलं नाही, एवढंच. बस!"

एवढा धिप्पाड ट्रकवाला गुडघ्यांवर बसला. त्यानं मला उलटं धरलं, माझे केस मोडले, पॉलिश पार कोपरापर्यंत गेलं. दारातल्या बायका तोंडावर हात धरून हसायला लागल्या. शुवाई मात्र हसली नाही. ती रडत होती.

"एस्तेरी," माय म्हणाली, "काम तुझंच. पण मंगळवारी यायचं, पुढच्या दारानं यायचं, आणि चहा माझ्याशेजारी बसून घ्यायचा. शुवाई, तुझ्याशी मी रात्री बोलेन." ते बोलणं फार कडक झालं नाही, असं मी खिळ्यावरून ऐकलं.

एस्तेरीनं हात धुतले. तिच्या पिशवीत लाल ब्लाऊज होता. दर गुरुवारी ती तो बरोबर आणत होती, कधी काम लवकर आटपलं तर म्हणून. कधीच आटपलं नव्हतं. आज तिनं तो घातला. बायका तिला मध्ये घेऊन निघाल्या, आणि तुटलेलं गाणं आमच्या गल्लीतून पुन्हा सुरू झालं.

मित्रांनो, आता माझे केस झडलेत. मला वापरलंत तर आपटून, पुसून खिळ्याला अडकवा, उन्हात टाकू नका. स्वतः वापरलंत तर उत्तमच. दुसरीच्या हातात दिलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त देण्याआधी तिला एवढं विचारा, बाई, तुझा गुरुवार कुठला?