जुन्या बाटलीतला कीस

मला रसायनशास्त्र अहल्याअक्कांनी शिकवलं. पुढे एम.एस्सी. करून मी चामराजपेटमधल्या त्याच शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. जूनमध्ये प्राचार्य रघुनंदन सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. नववीचं रसायन यापुढे एकीकडेच राहील, म्हणाले. अक्कांना सव्वीस वर्षांचा अनुभव होता, पण पदवी नुसती बी.एस्सी.

"सोमवारी तुमचा तास मी मागे बसून बघतो," सर त्यांना म्हणाले. "जमलं तर वर्ग तुमचा. नाहीतर तुम्ही प्रयोगशाळा सांभाळा, वर्ग मनस्विनी घेईल. मनस्विनी, सोमवारचं सामान तू मांड."

बाहेर आल्यावर अक्का हसल्या. घरातली, कानडी शब्द मिसळलेली मराठी आम्ही शाळेत फक्त एकमेकींशी बोलायचो. "मूलद्रव्य, मिश्रण, संयुग. झोपेतसुद्धा शिकवीन गं मनू. सामान तेवढं स्वल्प बघून ठेव."

प्रयोग त्यांनी मलाही दाखवलेलाच. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड एकत्र केली की ते मिश्रण. चुंबक फिरवला की लोखंड वेगळं निघतं. तेच तापवलं की काळं संयुग होतं आणि चुंबकाला काही चिकटत नाही. अक्का तराजू वापरत नसत. एक चमचा लोखंड, दोन चमचे गंधक. मी एकदा चमचे वजन करून पाहिले होते. प्रमाण जवळजवळ बरोबर होतं.

शनिवारी मी नव्याने आलेल्या किसाने प्रयोग करून पाहिला. कीस जाड होता. जाड कणाचं वरचं कवच तेवढं गंधकाशी जुळतं, आतलं लोखंड लोखंडच राहतं. माझी काळी पूड चुंबकाला झुबक्याने चिकटली. जुन्या बाटलीत एका प्रयोगापुरता बारीक कीस उरला होता. तो मी वहीचं पान फाडून पुडीत बांधला, कपाटात मागे सरकवला आणि जुन्या बाटलीत जाड कीस भरला. बाटलीवरची चिठ्ठी अक्कांच्या अक्षरातली होती.

"सामान तपासलंस?" सोमवारी सरांनी विचारलं.

"हो सर. प्रयोग करूनही पाहिला."

मिश्रणापर्यंत सगळं छान झालं. मग अक्कांनी वाटी तापवली, निवू दिली, काळा गोळा खलात कुटला. "आता लोखंडाला हाक मारा, येणार नाही," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. चुंबक जवळ नेला. कण उभे राहून चिकटले.

"मिस, आलं की," हर्षिता पहिल्या बाकावरून म्हणाली.

अक्कांनी चुंबक पदराला पुसला, पुन्हा फिरवला.

"मिस, मग हे मिश्रणच ना?"

"नाही, संयुग झालंय. स्वल्प थांबा..."

"पण चिकटतंय!"

मागचे बाक हसायला लागले. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. अक्का माझ्याकडे वळल्या, आमच्या मराठीत हळूच विचारलं, "मनू, कीस नवा आहे का गं?"

मी मुद्दाम इंग्रजीत उत्तर दिलं, वर्गाला कळेल असं. "लोखंड हे मूलद्रव्य आहे, मिस. त्यात नवं-जुनं काय असतं?"

वर्ग खदखदून हसला. सरही हसले.

जुलैत दुसऱ्या तुकडीला तोच धडा मी शिकवला. ट्रे अक्कांनी मांडला होता. गोळा कुटून झाला, चुंबक उचलला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सामान मी तपासलेलंच नाही. हात थांबला. मुलं बघत होती. चुंबक जवळ नेला.

एक कणही चिकटला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर अक्का ट्रे उचलायला आल्या. "कपाटात मागे पुडी सापडली," त्या म्हणाल्या. "तुझ्या वहीचा कागद. आतला कीस बारीक होता, म्हणून तोच ठेवला. सरी झालं ना, ठीक?"

त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मी फळा पुसत होते, तो पुसून पूर्ण केला.

"यापुढे वजन करून ठेवत जा," मी म्हणाले. "चमच्याने नको."

"सरी, मिस," अक्का म्हणाल्या, आणि वाटी घासायला घेऊन गेल्या.