यादी आता इथेच

"यादी अजून आली नाही, साहेब," मोठ्या सिस्टर फोनवर म्हणाल्या.

"येणारही नाही. पत्र वाचलं नाहीत का? पेशंट कोणते घ्यायचे ते आता तुमच्या पातळीवर. तुम्हीच मागत होतात ना?"

मागत होत्या खऱ्या. अकरा वर्षं त्या मुख्यालयाला लिहीत होत्या की, कोणाचं डायलिसिस कधी करायचं हे इथे ठरू द्या, इथली माणसं आम्हाला ठाऊक आहेत.

"आणि बंद पडलेलं मशीन?"

"त्याचा निर्णय वरच व्हायचाय."

दोनपैकी एकच मशीन चालू होतं. त्यावर सहाच जणांचं भागणार होतं, तेही प्रत्येकाची आठवड्यातली एक पाळी कापून. माणसं सात होती. दुसरी सोय दिवसभराच्या वाटेवर, आणि तिथे तीन महिन्यांची रांग. मशीनवाचून पंधरा दिवस निघाले तर नशीब, हे बाकावरच्या सातही जणांना माहीत होतं.

सिस्टरांनी दार लोटून घेतलं आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. "मी एकटीनं का ठरवावं? तुम्ही आपसांत ठरवा."

शिवणकाम करणाऱ्या काकूंनी दंडावरची, मशीनच्या सुयांनी फुगलेली शीर झाकून घेतली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी कंडक्टर हसला.

"सिस्टर, जन्मभर लोकांना म्हटलं, जागा नाही, उतरा. पण बसलेल्यांना नाही कधी म्हटलं, तुमच्यातला एक ढकला. तुम्हीच ठरवा. तुमच्यावर रागावता तरी येईल. एकमेकांवर रागावून शेजारी शेजारी बसायचं कसं?"

त्या आत गेल्या. काकूंची सासू अंथरुणाला खिळलेली. मास्तरांची मुलं लहान. एकेक माणूस डोळ्यांपुढे येत होता आणि कोणाचंच पारडं हलकं ठरत नव्हतं. तासाभराने सहा नावं झाली. पूर्वी खाली 'आदेशावरून' असा शिक्का असे. आज त्यांनी नुसती सही केली.

कंडक्टरने यादी दोनदा वाचली.

"तुमची मुलगी राहते ना तिकडे, मोठ्या हॉस्पिटलाजवळ," सिस्टर घाईने म्हणाल्या. "मी चिठ्ठी देते. लागेल नंबर."

"ती नऊ वर्षं बोलत नाही माझ्याशी. मागे पत्र तुम्हीच लिहून दिलं होतंत. उत्तर आलं नाही."

सिस्टरांनी चिठ्ठीसाठी ओढलेला कागद परत ठेवला.

"वरून नाव कापलं असतं, तर म्हटलं असतं, त्यांना काय माहीत. तुम्हाला तर माहीत होतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मशीनवर जाण्याआधी वजन करायची पद्धत होती. काकू काट्यावरून उतरल्या, मास्तर उतरले. मग कंडक्टरने चपला काढल्या आणि नेहमीसारखा तोही काट्यावर चढला, ताठ, हात अंगाशी धरून.

"किती?"

सिस्टरांनी वाकून आकडा पाहिला, त्याला सांगितला आणि त्याच्या कागदावर तारखेसह लिहून घेतला.