बैलमाथ्यावरचा बिनधुराचा रविवार

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात डोंगर आहे, असं नागपूरच्या माणसाला एकदा सांगून पाहा. आधी तो हसतो, मग विचारतो, "कोळशाचा का?" आता काय बोलावं! पांढरकवड्याहून झरीकडे निघालं की उजव्या हाताला बैलमाथा दिसतो. सागाचं रान आहे, चढता चढता दम लागतो, वरून दूरवरची गावं दिसतात. डोंगर म्हणवून घ्यायला त्यानं आणखी काय करावं, बर्फ पाडावा?

या बैलमाथ्यावर खुशीनं धंदा काढला. लोकांना पहाटे वर न्यायचं, सूर्य उगवताना दाखवायचा, खाली आणून चून-भाकर खाऊ घालायची. तिचे वडील नानाजी यांचं वावर डोंगराच्या पायथ्याला, कापूस आणि तूर. जन्मभर त्यांनी तो डोंगर फुकट पाहिलेला. सूर्य दाखवायचे पैसे घेणं म्हणजे त्यांना चक्क फसवणूक वाटे.

"उद्या हवा बी विकशीन," ते म्हणत.

हवा विकता आली असती तर बरंच होतं, पण हवेचीच तर पंचाईत होती. मार्च उजाडला, पळस फुलला, की शहरातल्या माणसाला घराबाहेर पडावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच आमच्या जंगलाला पेटावंसं वाटतं. म्हणजे जंगलाला नाही हो, ते बिचारं गुमान उभं असतं. मोहाची फुलं वेचायची आहेत, खाली पाला पडलाय, लाव काडी. तेंदूला बिडीसाठी कोवळी पानं फुटायला हवीत, लाव काडी. बांधावर गवत माजलं, लाव काडी. काडीपेटी हे आमच्याकडचं सगळ्यात लाडकं अवजार. त्याला धार लावावी लागत नाही की तेल घालावं लागत नाही.

मागच्या वर्षी खुशीनं लोक वर नेले तेव्हा सूर्य उगवला की नाही हे कोणालाच कळलं नाही. चारी बाजूंनी राखाडी पडदा. एका काकांनी खोकत खोकत विचारलं, "पूर्व कुठे आहे?" तिनं बोट दाखवलं, तर तिथेही धूरच. खाली उतरल्यावर नानाजींनी पोरीला समोर बसवलं.

"येत्या मोसमात एक सहल नीट करून दाखव मले. एकच. नाही जमली तं गुपचूप अमरावतीले जायचं, बी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं. मंग फळ्यावर काढजो डोंगर."

"हाव, मंजूर!" खुशी तावातावानं बोलून गेली. रागात दिलेला शब्द नंतर गिळता येत नाही. वर्ग, फळा, खडू यांच्या नुसत्या विचारानं तिला गुदमरायला होई. तिला हा डोंगर हवा होता, बस्स.

"बापलेकीनं शर्त लावली," तिची आई कोकिळा चुलीपुढून म्हणाली, "अन् भाकरी मीच थापू."

यंदा खुशीनं नागपूरच्या साधना मॅडमना गाठून एक रविवार ठरवला. बाई एका भटकंती मंडळाच्या प्रमुख, बोलायला मधासारख्या आणि नियमाला पक्क्या. "आमच्यात दम्याची माणसं आहेत," त्यांनी फोनवर बजावलं. "धुराचा वास जरी आला तरी मी गाडी वळवीन. वाईट वाटून घ्यायचं नाही."

मग खुशीनं कंबर कसली. तिच्या मोबाइलवर एक नकाशा होता. उपग्रहाला खाली कुठे आग दिसली की नकाशावर लाल ठिपका उमटे. आग लावणारा मात्र उपग्रहाला दिसत नाही, नाही तर अर्ध्या तालुक्याचे फोटो अंतराळात लागले असते. सकाळी धूर खोलगटात कसा बसतो, ऊन चढल्यावर कसा उठतो, वारा कोणत्या अंगानं येतो, सगळं तिनं पाठ केलं. इतका अभ्यास बी.एड.ला केला असता तर पहिली आली असती. तेंदूवाल्या ठेकेदाराच्या मुनीमाला तिनं चहा पाजून पाजून त्या रविवारपुरती काडी खिशात ठेवायला लावली. आणि मग ती तांड्यावर बिजलीबाईकडे गेली. डोंगराच्या पूर्वेचे मोह वेचणारी बिजलीबाई म्हणजे त्या बाजूच्या धुराची मालकीणच.

"मावशी, यंदा पाला जाळू नको नं. झाडाखाली साड्या अंथर. फुलं साडीवर पडतीन, वेचायले बी सोपं."

"साड्या कोनाच्या? मायाजवळ नेसाच्या दोन हायेत. त्या अंथरू अन् मी काय नेसू, पाला?"

खुशी घरी आली आणि तिनं आईची पेटी उघडली. पेटी रिकामी होताना पाहून कोकिळा म्हणाली, "लग्नातला शालू बी घेऊन जाय. मोहाले तरी मिरवू दे, मले कुठं कोन नेते!" पण अडवलं नाही तिनं. दुसऱ्या दिवसापासून बैलमाथ्याच्या पूर्वेला झाडांखाली जरीकाठ पसरलेले. जंगल एवढं नटलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं.

अशा रीतीनं आख्ख्या मुलखाचे पाय धरून झाले. फक्त एका माणसाशी बोलायचं राहिलं, आणि तो माणूस घरातच जेवत होता. सहलीचा विषय निघाला की नानाजी ताटावरून उठत. "मी त्यात नाही," एवढंच त्यांचं वाक्य. ते काहीच करणार नाहीत याची खुशीला इतकी खात्री होती की, काही करू नका, हे सांगायचं तिला सुचलंच नाही.

रविवारी ती अंधारातच उठली. मोबाइल पाहिला, नकाशावर एकही लाल ठिपका नाही. तिला नाचावंसं वाटलं. दार उघडून अंगणात आली आणि ठसका लागला.

धूर! तोही असा तसा नाही, ओल्या गवताचा, दाट, पांढरा, थेट पायथ्याशी बसलेला. खुशीचं डोकंच फिरलं. ती तडक तांड्यावर धावली आणि लांबूनच ओरडली, "मावशी, शब्द देऊन काडी लावली नं तू?"

बिजलीबाई मोहाखाली बसून फुलं टोपलीत भरत होती. तिनं मान वर करून पाहिलं, मग साडीचा पदर उचलून दाखवला. "हे पाह्य. डाग बी नाही पडू देल्ला तुया मायच्या साडीले. चोर समजते मले? धूर कुठून येऊन राह्यला ते पाह्य आधी. तुयाच वावरातून येते तो."

खुशीनं वळून पाहिलं. धूर खरंच त्यांच्याच वावराच्या अंगानं येत होता.

ती पोचली तेव्हा नानाजी डोंगराच्या वाटेवर उभे होते. हातात पळसाची हिरवी डहाळी, तिनं उरलेले निखारे झोडपत होते. तोंड काळं, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जशी काही लेकीची वरात येणार आहे.

"ये ये, पाह्य. एक कुसळ दाखव मले या वाटेवर!"

बैलमाथ्यावर शेंदूर फासलेला एक देव आहे. चैत्रात त्याची जत्रा भरते, लोक अनवाणी चढतात. कुसळी गवताची टोकं पायात घुसू नयेत म्हणून जत्रेआधी गवत जाळून वाट मोकळी करायची, हा मान नानाजींच्या घराण्याचा. यंदा त्यांनी तो मान जत्रेच्या कितीतरी दिवस आधीच उरकायला घेतला होता, देवाला न विचारता.

"नागपूरचे पाय हायेत," ते म्हणाले. "नाजूक. म्हनलं, पाह्यटच्या दवात जाळू, आग जंगलात चढत नाही. अर्धी वाट झाली, वरची बाकी हाय. तुयी माय म्हने, पोट्टीची शर्त हाय. मंग म्हनलं, आपल्याच पोट्टीले आपनच हरवायचं अन् आपनच पाहत बसायचं, हे बरं नाही दिसत."

खुशीला ओरडायचं होतं. ज्या माणसानं वर्षभर टोमणे मारले, त्यानं तिच्यासाठी अंधारात उठून वाट झाडली होती, आणि तिच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलं होतं. आता यावर रागवावं तरी कसं?

तेवढ्यात गाडी आली. दार उघडलं, तसं आत दोघं-तिघं खोकू लागले. साधना मॅडम नाकाला रुमाल लावून उतरल्या.

"कोणी केलं हे? इतकं बजावूनसुद्धा? या अडाणी लोकांना ना, काही सांगून उपयोग नाही!"

नानाजींची डहाळी खाली आली. 'तांड्यावरच्या कोणीतरी लावली' म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. अशा वेळी तांड्यावर आळ घ्यायला लोक एका पायावर तयार असतात. आणि थोड्या वेळापूर्वी खुशीनं तरी दुसरं काय केलं होतं?

"माझ्या बाबांनी लावली," ती म्हणाली. "तुमच्या पायांना कुसळं टोचू नयेत म्हणून. मी सगळ्या मुलखाला सांगितलं, त्यांनाच सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

मॅडम जरा वरमल्या. नानाजींकडे पाहून त्यांनी हात जोडले. "हेतू चांगला आहे हो. पण तो फुप्फुसांना कसा समजावू?" आणि गाडी वळली.

घरी भाकरींची चवड तशीच. नानाजींनी तोंड धुतलं, पण कानांमागची काजळी निघाली नाही. ताट वाढलं तर भाकरीचा तुकडाही मोडेनात. खुशी समोर येऊन बसली.

"शब्द देल्ला तो देल्ला, बाबा. जातो मी अमरावतीले."

नानाजींनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्या बाईले फोन लाव."

"कायले?"

"लाव म्हनलं नं!"

नागपूर लांब आहे म्हणून फोनवर ओरडूनच बोलायचं, असा नानाजींचा नेम. "नमस्कार मॅडम! मी तो अडाणी बोलून राह्यलो!" कोकिळेनं कपाळाला हात लावला. "पुढच्या रविवारी या. पोट्टीनं पुरा मुलूख सांभाळला, मीच एक सुटलो. आता मीबी तिच्या ताब्यात हाय. काय? हाव, वरची वाट बाकी हाय. नाही, नाही, जाळत नाही. इळ्यानं कापतो."

पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या. नानाजींनी फोन परत दिला. "येतो म्हनते. अन् म्हनते, कुसळं चालतीन, धूर नको. कुसळं चालतीन म्हने! कशी मानसं हायेत लेकाची!"

ताटातली भाकर त्यांनी उभ्यानंच संपवली, विळा घेतला आणि भर उन्हात वाटेला लागले. दुसरा विळा घेऊन खुशी मागोमाग. वरच्या चढावर दोघं गवत कापू लागले. नानाजी मूठ मूठ कापत, प्रत्येक मुठीला शिवी देत. काडीनं जे काम बिडी ओढता ओढता झालं असतं, त्याला आता आठवडा जाणार होता.

"बाबा," खुशीनं भीत भीत विचारलं, "अन् पुढच्या रविवारी बी बिघडलं तं?"

नानाजींनी एक मूठ कापली, बाजूला फेकली, कंबर सरळ केली.

"तं बी.एड.ले मी जातो."