यातायात करायला मनाई आहे

मित्रांनो, मी एक जुनी वाट आहे. वाट म्हणा, पायवाट म्हणा, पण मला रस्ता म्हटलेलं मुळीच खपत नाही. दिल्ली दमून थांबते आणि फुलकोबी, झेंडू, खरबुजांचे वाफे सुरू होतात, तिथे मी यमुनेच्या बांधावर चढते आणि नदीच्या सोबतीनं अकरा किलोमीटर जाते. माझी रुंदी म्हणाल तर दोन सायकली शेजारी शेजारी गप्पा मारत जातील एवढीच. तिसरी आली तर तिनं मागून यावं. या रुंदीपायी माझ्यावर काय काय गुदरलं ते आज सांगणार आहे. रडगाणं मात्र गाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कुणी ठरवून केला नाही. पुराचं पाणी गावांत शिरू नये म्हणून माणसांनी डोक्यावरून माती वाहून बांध घातला. इकडे त्याला पुश्ता म्हणतात. बांधावरून म्हशी पाण्याला जाऊ लागल्या, म्हशींमागून त्यांचे धनी, त्यांच्यामागून भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका. त्यांच्या पायांनी मी मळत गेले. पुढे बांधाच्या खात्यातल्या कुणा शहाण्या साहेबाच्या लक्षात आलं की वर मोटारी चढल्या तर बांध खचेल. त्यानं माझ्या तोंडाशी लोखंडी पाटी रोवली. 'यातायात वर्जित. केवल पैदल एवं साइकिल.' खाली बारीक अक्षरांत हुकमाचा क्रमांक होता. त्या पाटीचा मला कोण तोरा!

नव्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी, राजाराम आणि कौसल्या माझ्याकडे पहिल्यांदा आले. राजाराम केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून. तीनच महिन्यांपूर्वी वर्ध्याहून त्यांची बदली झाली होती आणि आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं होतं. कौसल्याबाईंचं वय अडतीस. त्यांना सायकल शिकायची होती. लहानपणी थोरल्या भावाला सायकल मिळाली होती आणि यांना तिच्यावरची धूळ पुसायचं काम मिळालं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. पण कॉलनीत शिकायचं तर बस, स्कूटर आणि गॅलऱ्यांत उभे राहून बघणारे शेजारी. म्हणून कुणी तरी सांगितल्यावरून दोन बस बदलून, छोट्या उन्नतीला शेजाऱ्यांकडे ठेवून, ती दोघं इथवर आली होती.

पाटीपाशी राजाराम थबकले. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"कौसल्या, हे बघ. इथं यातायात करायला मनाई आहे."

"म्हणजे हो?"

"म्हणजे दगदग करायची नाही. सरकारी हुकूम आहे, खाली नंबरसुद्धा दिलाय."

कौसल्याबाई पहाटे उठून डबा करून, बसमध्ये उभ्यानं आल्या होत्या. त्या एवढ्या हसल्या की पाटीचा आधार घ्यावा लागला. "अहो, मग ही पाटी आपल्या स्वयंपाकघराच्या दारावर लावा की!"

राजारामांनी कचेरीतल्या मित्राचा कॅमेरा आणला होता. 'यातायात' या शब्दावर बोट ठेवून हसणाऱ्या कौसल्याबाईंचा त्यांनी तिथेच फोटो काढला. तेवढ्यात शेजारच्या वाफ्यातून हरिदास आला. भाजी पिकवणारा हरिदास तेव्हा तरणाताठा होता. "बाबूजी, यातायात मतलब गाड़ी-मोटर," तो म्हणाला. "यहाँ गाड़ी लाना मना है।" आपली फजिती कळल्यावर राजाराम बायकोपेक्षाही मोठ्यानं हसले. हिंदीत यातायात म्हणजे वाहनांची ये-जा, आणि आपल्या मराठीत नुसती खटपट आणि दमणूक. मला विचाराल तर दोन्ही अर्थ एकच आहेत. दिल्लीच्या कुठल्याही चौकात उभं राहून बघा.

त्या दिवशी कौसल्याबाई हरिदासच्या सायकलवरून सात वेळा पडल्या. त्यांचे गुडघे माझ्यावर फुटले, याचं मला वाईट वाटलं. पण प्रत्येक वेळी त्या उठल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "थांब, तुला दाखवते." मला ती बाई तिथेच आवडली. होळीपर्यंत त्या माझी अकरा किलोमीटर जाऊन परत येऊ लागल्या. मग त्यांनी आर. के. पुरम आणि लक्ष्मीबाई नगरातल्या बायका आणायला सुरुवात केली. कुणी तमिळ, कुणी उडिया, कुणी आपल्या अमरावतीकडची. एक तर निवृत्तीला आलेली मुख्याध्यापिका होती. सायकली हरिदासच्या छपरात असायच्या. बायका पडायच्या, हसायच्या आणि नदीकडे बघत डबे खायच्या. पाठीमागून भोंगा वाजणार नाही याची खात्री असली की माणसाचे खांदे कसे सैल सुटतात, ते मी वीस वर्षं रोज पाहिलं आहे. माझं कौतुक करायला लांबून सायकलस्वार येऊ लागले. मी फुशारले, खोटं कशाला बोलू.

आणि मग एका सकाळी पाटी नव्हती. खांब बुंध्यापाशी करवतीनं कापलेला होता. आठ दिवसांत रेतीचे डंपर माझ्यावर चढले. त्यांच्या चाकांनी मला गुडघाभर चऱ्या पडल्या, कडेची माती ढासळली. सुट्टीच्या दिवशी जीपवाले चिखल उडवायला येऊ लागले. सायकली कमी झाल्या, बायका येईनाशा झाल्या. मी सगळं सोसलं असं म्हणणार नाही. मी दोन डंपर रुतवून ठेवले आहेत, आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

रेतीच्या ठेकेदारानं पुढचा डाव टाकला. इथून मोटारी पहिल्यापासून जातात, तेव्हा वाट रुंद करून डांबरी रस्ता करावा, असा त्यानं अर्ज केला. कौसल्याबाई आता चौसष्ट वर्षांच्या. दिल्लीतल्याच द्वारका भागात मुलीपाशी राहतात. तिथल्या रस्त्यावर सायकल घालायची त्यांची छाती होत नाही. त्यांच्यासाठी दिल्लीत सायकल चालवायला माझ्याखेरीज जागाच नाही. मी रस्ता झाले की त्यांची सायकल कायमची भिंतीला टेकणार होती.

उन्नती आता आयटी कंपनीत आहे. तिनं खात्याकडे अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकच यायचं. अशी पाटी होती याची नोंद सापडत नाही.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका सकाळी खात्याचे इंजिनिअर स्वतः पाहणीला आले. ठेकेदाराचा माणूस त्यांच्या बरोबरीनं चालत होता. राजाराम गुडघ्यांमुळे आता सायकल चालवत नाहीत, ते हरिदासच्या खाटेवर बसले होते. शेजारी उन्नती फायली घेऊन उभी होती. तेवढ्यात रेतीनं भरलेला डंपर समोरून आला. कौसल्याबाईंनी आपली सायकल माझ्यावर आडवी घातली आणि तिच्यापुढे उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं भोंगा दाबून धरला.

"अम्मा, हटो!"

"नहीं हटूँगी," कौसल्याबाई म्हणाल्या. "सात बार गिरी हूँ इस मिट्टी पे। तुम कितनी बार गिरे हो?"

माझ्या अंगावर काटा आला. काटे माझ्या दोन्ही कडांना पुष्कळ आहेत, पण हा वेगळा होता.

इंजिनिअर साहेबांनी डंपर थांबवला. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "माताजी, बोर्ड था इसका कोई सबूत है? बिना सबूत मैं क्या लिखूँ?"

उन्नती मान खाली घालून फायली चाळू लागली. कौसल्याबाई तिच्याकडे वळल्या. "अगं, महिनाभर सांगतेय ना तुला, माझ्याकडे यातायातीचा फोटो आहे म्हणून."

"आई, डंपरच्या ट्रॅफिकचे चाळीस फोटो आहेत माझ्या मोबाइलमध्ये. त्याचा काय उपयोग?"

"ट्रॅफिकचा नाही गं. यातायातीचा!"

दिल्लीत वाढलेल्या मुलीला यातायातीचा हा एकच अर्थ माहीत होता. आई महिनाभर एक सांगत होती, लेक महिनाभर दुसरंच ऐकत होती. कौसल्याबाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. फोटोत अडतिशीतल्या त्याच, हसताना डोळे मिटलेल्या. मागे पाटी अख्खी दिसत होती. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली नारिंगी तारीख होती आणि पाटीच्या तळाशी हुकमाचा क्रमांक. शेवटचा आकडा तेवढा त्यांच्या कोपराआड गेला होता.

साहेबांनी फोटो उन्हात धरला. "आप हँस क्यों रही हैं इसमें?"

राजारामांनी खाटेवरूनच आपल्या वऱ्हाडी हिंदीत सगळी हकिगत सांगितली. साहेब हसले. ठेकेदाराचा माणूस हसला नाही. साहेबांनी क्रमांक वहीत उतरवला आणि म्हणाले, "एक अंक कम है, तो दस फाइलें देखनी पड़ेंगी।"

"देखो," कौसल्याबाई म्हणाल्या. "हम यहीं हैं।"

सातव्या फायलीत माझा हुकूम सापडला. तो कधी रद्दच झाला नव्हता. ठेकेदाराचा अर्ज फेटाळला गेला आणि माझ्या तोंडाशी तीन जाडजूड खांब रोवले गेले. दोन खांबांमधून सायकल जाते, जीपचं नाक जात नाही. पाटीही नवी लागली. मजकूर जुनाच ठेवावा, असं राजारामांनी मुद्दाम लिहून दिलं होतं. पाटी लागली त्या रविवारी उन्नतीनं तिच्यावर बोट ठेवलं आणि सावकाश मराठीत वाचलं, "यातायात करायला मनाई आहे." मग आईच्या मागोमाग तिनं सायकल काढली. ती लहानपणापासून चालवते, तरी तिला आईला गाठता आलं नाही.

माझ्या चऱ्या अजून भरलेल्या नाहीत, मित्रांनो. हरिदास टोपलीनं माती आणून टाकतो, बायका पायांनी दाबतात. पाटी पुन्हा कापायला कुणी तरी येईल, हेही मला ठाऊक आहे. येऊ दे. मी पूर पाहिले आहेत, रेतीवाल्याला काय भिते? मी रुंद होणार नाही, मी काळी होणार नाही, आणि भोंगा वाजवणाऱ्याला बाजू देणार नाही.

तुम्ही या. इंजिन खांबांच्या पलीकडे ठेवा आणि पायांवर किंवा दोन चाकांवर या. आलात की मूठभर माती माझ्या चरीत टाका. आणि पाटीपाशी उभं राहून एक फोटो जरूर काढून ठेवा, तारखेसकट. पोटभर हसा त्या फोटोत. फक्त कोपर जरा बाजूला घ्या.